समुद्राच्या पोटातलं पाणी

आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, कुठल्याही गावात गेली की आधी तिथलं पाणी चाखायची. देऊळ नंतर, माणसं नंतर. पेल्यातून नाही, ओंजळीतून. डोळे मिटून घोट तोंडात फिरवायचा आणि निकाल द्यायचा. मचूळ, नाहीतर जड, नाहीतर गोडं. मी विहिरी बांधणारा गवंडी. नव्या विहिरीला पाणी लागलं की पहिली ओंजळ तिची, असा रिवाजच पडला होता. तिनं नाक मुरडलं की विहिरीच्या मालकाचं तोंड उतरायचं. गावानं तिचं नाव पाणीवाली पाडलं.

पोरानं आम्हाला कायमचं अमेरिकेत बोलावलं, तेव्हा वाटेत बहारीनला दोन दिवस फिरायला थांबवलं. चहूकडे समुद्र, मधे वाळू. गाडीवाला तिथलाच, म्हातारा, मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. किनाऱ्याला गाडी लावून म्हणाला, ह्या खाऱ्या समुद्राच्या तळाला गोड्या पाण्याचे झरे आहेत. त्याचा आजा मोती काढायचा. बुडी मारून कातड्याच्या पखालीत पिण्याचं पाणी भरून आणायचा.

"थापा आहेत," मी म्हणालो. "माझा जन्म विहिरीत गेलाय."

"तुमच्या विहिरी जमिनीत होत्या," ही म्हणाली. "समुद्र बांधलाय का कधी?"

मग म्युझियममध्ये तेच चित्र दिसलं. माणूस पखाल घेऊन पाण्याखाली चाललाय. मी चौथी नापास, पण चित्र कळतं. डोक्यावर खाऱ्या पाण्याचं एवढं ओझं आणि खालून गोडं पाणी वर येतंय, न घाबरता. आयुष्यभर दगड रचले, पण देवाची ही विहीर मला ठाऊक नव्हती.

गाडीवाला म्हणाला, "बहुतेक झरे आटले. एक अजून जिवंत आहे. भावाची होडी आहे, उद्या ओहोटीला नेतो." आमचं विमान उद्या सकाळचं. हिनं माझी बाही धरली.

"अहो, तिकीट पुढं ढकला. एक ओंजळ. मग न्या कुठं न्यायचं तिथं."

"पोरानं रजा काढलीय. पाणीच ना? कधी गावी येताना बघू."

विमानात दिलेलं पाणी तिनं तोंडाला लावलं नाही.

इथं अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला, शेजारच्या पुण्याच्या पोरीनं फिल्टरचं पाणी दिलं. ही म्हणाली, "धुतलंय गं हे. चवसुद्धा धुऊन गेली."

"काकू, डॉक्टर हेच प्या म्हणतात."

"मग औषध म्हणून पिते."

गेल्या थंडीत ती हॉस्पिटलात पडली, ती उठलीच नाही. तिथं एका दुपारी तिनं पाणी मागितलं. "कुठलं देऊ?" मी विचारलं.

"ते. राहिलेलं."

मी बाहेर जाऊन नळ सोडला, पेला भरून आणला. तिच्या हाताला सुई होती, ओंजळ होईना. म्हणून माझ्या ओंजळीतून पाजलं. "बहारीनचं मागवलंय," म्हणालो.

तिनं डोळे मिटले. घोट तोंडात फिरवला.

"नळाचं आहे. खोटं बोलायलासुद्धा शिकला नाहीत. द्या अजून थोडं."

आता पोरगा मला गावाकडं पाठवतोय. म्हणाला, "बाबा, डायरेक्ट फ्लाइट बुक करतो."

"बहारीनला थांबव. दोन दिवस."

"एकटे काय बघणार तिथं?"

"बघायचं काही नाही," मी म्हणालो. "एक ओंजळ राहिलीय."