सात नंबरची जर्सी

"जर्सी काढ."

सर एवढंच म्हणाले. लातूरच्या मैदानावर, सकाळच्या उन्हात, सगळ्या टीमसमोर. मी बुटाची नाडी बांधत होते. मला वाटलं, जर्सी उलटी घातली की काय. मान वाकवून छातीकडं बघितलं. सात नंबर जागेवर होता.

"ऐकू आलं न्हाई का? काढ आन् सानिकाला दे. रेणुका, तू बी. लक्ष्मी, तू बी."

सानिका म्हणजे आमच्या शाळेच्या सचिवांची मुलगी. दहावीतली. ती, तिची चुलत बहीण आणि एक मैत्रीण, तिघी पांढऱ्या गाडीतून थेट मैदानाशी उतरल्या होत्या. आम्ही देगलूरहून जीपमध्ये एकीच्या मांडीवर एक बसून आलो होतो. त्या तिघींनी फुटबॉलला पाय लावलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता.

कारण सरळ होतं. विभागाच्या स्पर्धेत खेळलं की दहावीला वाढीव गुण मिळतात. तिघींना ते हवे होते. म्हणून सरांनी नवी यादी करून दिली होती. त्यात आमची नावं नव्हती, त्यांची होती. कुणी पुढं विचारलं तर दाखवायला मैदानावर खेळतानाचे फोटो पाहिजेत, म्हणून जर्सी पाहिजे होती. आम्ही जिल्हा जिंकलो होतो. विभागात एक सामना जिंकून इथवर आलो होतो. आज जिंकलो असतो तर राज्याला गेलो असतो. देगलूरच्या पोरी राज्याला, असं तोवर कधी झालं नव्हतं.

"तू नववीत हायस. पुढच्या वर्षी खेळशील की," सर म्हणाले.

आम्ही तिघी टीममधल्या कच्च्या पोरी नव्हतो. रेणुका तर सगळ्यांत पुढं खेळायची, जिल्ह्यातले निम्मे गोल तिचे. मग आम्हीच का? ते मला त्या वेळी कळलं नाही, पुढं कळलं. बाकीच्यांच्या घरचं कुणी ना कुणी शाळेत येऊन विचारलं असतं. आमच्या घरचं कुणी येणार नव्हतं. रेणुकाचा बाप विटभट्टीवर, लक्ष्मीला बाप नाही, आणि माझा बा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा. आम्ही मातंग. बँडवाल्यांची गल्ली गावाच्या कडेला. आणि गावातली निम्मी शेती, पेट्रोल पंप आणि शाळा एकाच घरात, सचिवांच्या. सरांनी नेमक्या बिनआवाजाच्या तिघी निवडल्या.

"कुठं बदलू?" मी विचारलं.

माझ्या तोंडून एवढंच निघालं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आमची गोलकीपर शबाना. तिनं जीपच्या आडोशाला ओढणी धरली. मी जर्सी काढली, शाळेचा शर्ट घातला. आदल्या दिवशी ती जर्सी मी स्वतः धुतली होती, इस्त्री नाही म्हणून उशीखाली दाबून ठेवली होती. सानिकानं ती दोन बोटांत धरली. गाडीतून सेंटची बाटली मागवली आणि जर्सीवर फवारली. आधी काखेत, मग गळ्याशी, मग सगळीकडं.

"धुतलेली हाय," मी म्हणाले.

"तसं नाही गं. सवय आहे मला."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती हसून म्हणाली.

जीपमध्ये येताना सरांनी आम्हाला ओरडायला लावलं होतं. जिंकायला काय लागतं? जिद्द, सर. पुन्हा सांगा, काय लागतं? जिद्द. घसे बसले होते आमचे. समोर लातूरच्या एका मोठ्या निवासी शाळेची टीम. त्यांना दोन कोच, नडगीला गार्ड, थंड पाण्याचे डबे. आम्ही आठवडी बाजाराच्या मैदानावर खेळायचो. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आधी सडकी पानं आणि मिरच्यांचे देठ वेचायचो, मग चेंडू काढायचो. त्यांच्यासमोर जिंकायला काय लागलं असतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आमच्या अकरा जणी लागल्या असत्या. जीपमधून आलेल्या.

सामना सुरू झाला तेव्हा बा आला.

लग्नसराई होती. त्याचा बँड औशाला गेला होता. रात्रीची वरात वाजवून, न झोपता, पहिल्या एसटीनं तो लातूरला उतरला होता. बगलेत क्लॅरिनेटची पेटी. त्यानं मला कधी खेळताना पाहिलं नव्हतं. सुटीच्या दिवशी माझे सामने आणि त्याच दिवशी त्याच्या बँडला लग्नं. या वेळी बँडच्या लोकांना सांगून आला होता, माझी पोरगी लातूरला खेळायलीय म्हणून.

तो जाळीला तोंड लावून मैदानात मला शोधत होता. मी जाळीच्या याच बाजूला, त्याच्या पायाशी बसले होते. त्याला दिसले नाही. मी हाक मारली तेव्हा खाली बघितलं.

"तू इथं? लागलं का कुठं?"

मी सांगितलं. बानं पेटी खाली ठेवली. मग जाळीतून बोट घालून माझ्या डोक्याला लावलं.

"द्यावं लागतंय माय. आपलं कुठं हाय ते."

मला ते कळलं. घरात तेच बघत वाढले होते. बँडचा लाल डगला, जरीच्या पट्टीचा, तो मालकाचा. वाजवून झालं की जेवणाआधी काढून द्यायचा, रस्सा सांडू नये म्हणून. मग हे लोक आपल्या मळक्या बनियनवर पंगतीच्या कडेला थांबतात, सगळे उठेपर्यंत. तासाभरापूर्वी बाच्या समोर नाचलेली माणसं त्याला म्हणतात, ए, सरक तिकडं. डगला काढला की त्याला कुणी ओळखत नाही. बाला यात वाईट वाटतं का, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्याच्या आवाजात ऐकलं. वाटत होतं. त्यानं ते गिळायची सवय करून घेतली होती आणि आता मला तीच सवय देत होता, दुसरं काही द्यायला नव्हतं म्हणून.

मैदानात तिघी चेंडू आला की बाजूला व्हायच्या. सानिकाचा काका लाईनीवरून पळत फोटो काढायचा. "सानू, पाय वर कर. इकडं बघ." शबाना एकटी लढत होती. गुडघे फुटले तिचे. तरी दोन गोल बसले.

हाफटाइमला सर धावत आमच्याकडं आले. घामाघूम.

"फोटो झाले. चला, उठा. घाला जर्सी."

रेणुका उठली, लक्ष्मी उठली. मीही उठले. खोटं कशाला सांगू, आनंद झाला मला. पाय शिवशिवले. बा जाळीपलीकडं सरळ उभा राहिला. सानिकानं जर्सी काढून माझ्याकडं फेकली. सेंटचा भपकारा आला. मी डोकं आत घातलं.

"एक ध्यानात ठेवा," सर हळूच म्हणाले. "यादीत नावं त्यांचीच हायत. पंचांला तुमची तोंडं ठाव न्हाईत. सात नंबर म्हंजे सानिका. कुणी इचारलं तर तेच नाव सांगायचं."

माझं डोकं जर्सीतच होतं. अंधार आणि तो वास. मी तशीच थांबले.

"म्हंजे गोल मारला तर?"

"तर काय? टीमचा गोल."

"नाव कुणाचं?"

सर चिडले. "नाव घेऊन काय चाटायचंय का? राज्याला जायचंय का न्हाई?"

मी जर्सी काढली. या वेळी ओढणी नव्हती, आडोसा नव्हता. आत शाळेचा शर्ट होता. जर्सीची घडी घातली आणि सरांच्या हातात दिली.

"माझं नाव सांगून उतरते. न्हाई तर न्हाई उतरत."

मी फार शूर होते असं कुणी समजू नये. अंगातलं काढून द्यायचं, हे मला मान्य झालं होतं. आमच्यात ते चालत आलंय. पण आता माझे पायसुद्धा मागत होते. पळायचं मी, ठेचा मला, आणि पळाली कोण तर सानिका. तेवढं मला जमलं नाही.

शबाना रडत आली. "ये ना गं. मी अडवते, तुम्ही मारा. नाव गेलं खड्ड्यात."

आणि जाळीपलीकडून बा म्हणाला, "उतर की माय. मी बगाया आलोय."

ते वाक्य अजून माझ्या छातीत रुतलेलं आहे. माझा बाप रात्रभर वाजवून आला होता. त्याला फक्त बघायचं होतं. नाव कुणाचं का असेना, पाय पोरीचे होते ना. मी त्याच्याकडं बघितलं आणि मान हलवली. न्हाई.

मग सानिकालाच पुन्हा उतरवलं. ती तोंड फुगवून एका कोपऱ्यात उभी राहिली. रेणुका आणि लक्ष्मी उतरल्या. म्हणजे आमच्या दहाच. तरी आमच्या पोरींनी त्या लातूरच्या टीमला घाम फोडला. लक्ष्मीनं उजवीकडून चेंडू आत टाकला आणि रेणुकानं तो जमिनीवर पडू दिला नाही. डाव्या पायानं मारला. गोलच्या जाळीत.

रेणुकानं दोन्ही हात वर केले. तेवढ्यात टेबलावरचा माईकवाला बोलला. नऊ नंबर म्हणून त्यानं सानिकाच्या चुलत बहिणीचं नाव घेतलं. दोनदा घेतलं. तिच्या गाडीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. रेणुकाचे हात वरच होते. मग तिनं ते हळूहळू खाली आणले, जणू कुणाचं तरी सामान चुकून उचललं होतं.

आम्ही एका गोलानं हरलो. शेवटी शेवटी डावीकडं, माझ्या जागेवर, रिकामं रान होतं. तिथं चेंडू दोनदा एकटाच गेला.

शबाना माझ्याशी पुढं कधी नीट बोलली नाही. "एक जण कमी होती" एवढंच ती सगळ्यांना सांगायची. खरंच होतं ते. पुढच्या वर्षी शाळेनं टीमच काढली नाही. गुण मिळून गेले होते.

बा त्याच दुपारी औशाला परत गेला, संध्याकाळी दुसरी वरात होती. स्टँडवर मला म्हणाला, "बँडच्या मंडळीला काय सांगू आता?" त्यानं मला शेवटपर्यंत कधी खेळताना पाहिलं नाही. मी पुढं कॉलेजात खेळले, विद्यापीठाकडून खेळले, पण तोवर त्याची छाती खराब झाली होती. गेला. मी न्हाई म्हणाले ते बरोबर होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. ठाऊक असून दुखायचं थांबत नाही.

तो गेल्यावर बँडमधले एक काका भेटायला आले. ताशा वाजवायचे. चहा पिता पिता म्हणाले, "तुजा बा लई सांगायचा. पोरीनं लातूरला गोल मारला म्हणून. हर लग्नात सांगायचा."

मी कप खाली ठेवला. म्हणजे बानं त्या रात्री औशाला जाऊन तेच सांगितलं होतं. मला द्यायला त्याच्याकडं एवढंच होतं, एक गोल. आणि तोही दुसऱ्याच्या पोरीचा. रेणुकाचा गोल एकदा गाडीवाल्यांनी नेला आणि दुसऱ्यांदा माझ्या घरानं.

"न्हाई काका," मी म्हणाले. "त्यो गोल रेणुकाचा होता. मी उतरलेच न्हवते."

काकांना ते आवडलं नाही. मेलेल्या माणसाला खोटं पाडलं म्हणाले. पाडलं. रडत रडत पाडलं.

रेणुकाचं लग्न दहावीच्या आधीच झालं, सीमेपलीकडं तेलंगणात. पुढं एकदा देगलूरच्या बाजारात भेटली. कडेवर लेकरू. मी म्हटलं, तुझा लातूरचा गोल आठवतो का? ती हसली.

"त्यो कुठं माजा होता? माईकवर दुसरंच नाव आलं की."

ती चिडलेली नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. त्या दिवशी मी बाजारातून भाजी न घेताच परत आले.

आज मी हिमायतनगरला एका शाळेत मुलींना फुटबॉल शिकवते. पक्की नोकरी नाही. या वर्षी आमच्या पोरी जिल्हा जिंकल्या, विभागात पुढं गेल्या. आता रविवारी लातूरला सामना, जिंकणारी टीम राज्याला. समोर पुन्हा तसलीच मोठी शाळा. गेल्या आठवड्यात संस्थेचा माणूस आला. खुर्ची ओढून बसला.

"मॅडम, दोनच नावं घालायची हायत. फोटोपुरतं. तुमची ऑर्डर दर वर्षी नवी निघते, ध्यानात हाय ना?"

"ध्यानात हाय," मी म्हणाले. "नावं घालणार न्हाई."

परवा निरोप आला, जीप मिळणार नाही. आम्ही एसटीनं जाणार आहोत. जूनमध्ये माझी ऑर्डर निघणार नाही, हेही धरून चाललेय. पोरींना मी जिद्दीचं काही ओरडायला लावत नाही. जिद्द आमच्याकडं कधीच कमी नव्हती. सराव सुरू होण्याआधी एकेकीला लाईनीवर उभी करते आणि तिचं नाव सांगायला लावते. गावासकट, मोठ्यानं. पहिल्या दिवशी निम्म्या जणी पुटपुटल्या होत्या. आता बाजूच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघतात.

रविवारी आम्ही कदाचित हरू. समोरची टीम चांगली आहे. पण अकराच्या अकरा पोरी स्वतःच्या नावानं उतरतील. मी माईकच्या टेबलाला लागून उभी राहणार आहे. गोल आमच्या पोरीनं मारला आणि नाव दुसरं आलं, तर माईक बोलणाऱ्याच्या हातातून काढून घेईन. मग पंच मला बाहेर काढो, संस्था काढो.

आणि माईक हातात आलाच, तर आधी एक जुनं नाव सांगणार आहे. रेणुका, देगलूर. नऊ नंबर. डाव्या पायानं.