दोघी बुजऱ्या

अक्षर लागलं नाही तर तेवढं सोडून पुढे वाचावं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे, हे मला तेव्हाही नीट कळत नव्हतं आणि आता तर हातही थरथरतो. पण कुसुमताईंची भाची फोनवर म्हणाली, "मावशी तुमच्याकडे डोंगरात होती तेव्हाचं आम्हाला काहीच माहीत नाही, आठवेल तसं लिहून ठेवा." त्याच फोनवर तिने कुसुमताई गेल्याचंही सांगितलं. नगरला तिच्याच घरी, झोपेत गेल्या. मी वाल सोलत बसले होते. "बरं," म्हणाले, फोन सुनेच्या हातात दिला आणि राहिलेले वाल सोलून टाकले. रडू आलं नाही. पिकलं पान, अंथरुणाला न खिळता गेलं, त्यात रडण्यासारखं काय... पण मग दिवसभर त्यांचा चेहराच आठवेना. आठवत होती ती फक्त खिंडीच्या वाटेने वर चढत जाणारी पांढरी साडी, आणि साडीखाली तांबडी घोडी. ह्याला आता काही आठवडे झाले. तेव्हापासून थोडं थोडं लिहिते आहे.

कुसुमताई आल्या त्या बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यात. राजूरच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची नेमणूक होती, पण डोंगरावरच्या वाड्या त्यांच्याकडे दिलेल्या, म्हणून राजूरच्या पुढे आमच्या गावात त्यांनी खोली शोधली. आमच्या घराची एक पडवी रिकामी होती. माझ्या सासूबाईंनी, त्यांना मी आत्याबाई म्हणत असे, तट्ट्या लावून ती भाड्याने दिली. कुसुमताई नगरकडच्या ख्रिस्ती. अंगाने बारीक, बोलायला मोकळ्या, आणि नेहमी पांढऱ्या साडीत. साडीला भाताच्या पेजेची खळ इतकी कडक, की त्या चालल्या तरी आवाज यायचा. मी तेव्हा नवीन सून. परक्या माणसापुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. त्यांना चहा नेऊन द्यायचा तर मी कप उंबऱ्यावर ठेवून परत फिरत असे. त्यांनी कधी "अगं आत ये" म्हणून ओढलं नाही. पुढे त्या उंबऱ्याकडे पाठ करून काहीतरी निवडत बसू लागल्या, आणि पाठमोऱ्या माणसाशी बोलायला मला कमी भीती वाटते, हे माझं मलाच कळलं.

वरच्या वाड्यांना गाडीवाट नव्हती. खिंड ओलांडून पायी जावं लागे आणि पोहोचेपर्यंत बाळंतीण सुटलेली असे, नाहीतर गेलेली असे. तसं दोनदा झाल्यावर कुसुमताईंनी घोडी घ्यायचं ठरवलं. त्यांचा पगार घरी भावंडांच्या शिक्षणाला जायचा, म्हणून आत्याबाईंनी म्हैस विकून ठेवलेले पैसे त्यांना दिले. आत्याबाई कोणाला फुकट मीठ न देणाऱ्या. पैसे दिले पण अट घातली.

"संक्रांतीपातुर घोडीवर बसून खिंड वलांडली तर ठीक. न्हाई वलांडली तर घोडी बाजारात उभी करीन आन् माझं पैसं घीन. आन् बाई, मंग तुमी बी खाली बदली मागा. पायी जाऊन कुनाचं भलं हुईना, तुमचं बी न्हाई."

"कबूल, मावशी," कुसुमताई म्हणाल्या.

दिवाळीनंतर आमच्या रानात धनगरांची मेंढरं बसली होती. त्यांच्याकडूनच आमच्या ह्यांनी ती तांबडी घोडी आणली. ओझ्याची घोडी, वर बिऱ्हाड आणि कोंबड्या लादून चालण्याची सवय. हे स्वतः बसून गावाबाहेर जाऊन आले, गरीब गाय आहे म्हणाले. कुसुमताईंनी तिचं नाव मैना ठेवलं. साडीच्या आत पुरुषी पायजमा घालून त्या दोन्हीकडे पाय टाकून बसल्या तेव्हा गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांचा एक मामा टांगा चालवायचा, त्यामुळे घोड्याची भीती त्यांना नव्हती. गावात, ओढ्यावर, सगळीकडे मैना नीट चालली. खिंडीत मात्र एकदम बाजूला उडी मारून उधळली आणि कुसुमताई दगडावर आपटल्या. मनगट सुजलं. पुन्हा गेल्या, पुन्हा तेच. त्यानंतर मैना खोगीर दिसलं की थरथरायची आणि अंगणातसुद्धा कोणाला पाठीवर बसू देईना.

गावात चर्चा सुरू झाली. खिंडीत घोडीला हडळ दिसते, असं जो तो म्हणू लागला. आत्याबाईंनी नारळ उतरवून टाकला आणि घोडीच्या गळ्यात लिंबू बांधलं. कुसुमताई जवळच उभ्या होत्या.

"बांधा मावशी. लिंबू काही तिला चावायचं नाही."

"हसा. पडलं की मंग देवाला बी बोलवा आन् येशूला बी."

"दोघांनाही बोलावते. जो आधी येईल तो लगाम धरेल."

ह्यांनी एकदा चाबकाने तिला वठणीवर आणायचा प्रयत्न केला. कुसुमताईंनी चाबूक हातातून काढून घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तिला भीती आहेच. तुम्ही अजून एक कशाला देता?" हे चिडून दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. घोडी तर ह्यांच्या पायांचा आवाज आला तरी कान मागे पाडायला लागली.

मग कुसुमताईंनी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. कामावरून आल्या की मैनेपासून हातभर दूर, तिच्याकडे पाठ करून बसायच्या आणि भाकरी खायच्या. बोलायच्या नाहीत, हात लावायच्या नाहीत. आत्याबाई ओट्यावरून म्हणायच्या, "ह्ये बगा, घोडीला भाकर खायाला शिकवायली." चार-सहा दिवसांत मैनेने मान लांब करून त्यांच्या खांद्याचा वास घेतला. तरीही त्या वळल्या नाहीत. पुढे भिजवलेले हरभरे ओंजळीतून, मग नुसतं खोगीर पाठीवर ठेवून काढणं, मग खोगिरावर हाताने भार देणं. कशाचीच घाई नाही. मी हे सगळं चुलीपासून बघत असे. हे मी ओळखते, असं मला वाटायचं, कशावरून ते मात्र तेव्हा कळत नव्हतं.

अंगणात ती बसू देऊ लागली, तशा कुसुमताई तिला पुन्हा खिंडीकडे नेऊ लागल्या. औषधांची पेटी घ्यायला कोणीतरी हवं म्हणून आत्याबाईंनी मला बरोबर धाडलं. जाताना खिंडीतून त्या चालत पुढे आणि घोडी मागे, अशी मैना शहाण्यासारखी पार झाली. येताना त्या वर बसल्या आणि तिथेच मैनेने उडी मारली. ह्या वेळी त्या पडल्या नाहीत, मानेला धरून राहिल्या. मी मागून पेटी घेऊन येत होते, म्हणून मला दिसलं. खिंडीत वारा अडतो आणि खालून एकदम वर येतो. कुसुमताईंचा पदर कमरेला खोचलेला होता, तरी खांद्यामागे त्याचा फुगा झाला. खळ दिलेलं ते कापड कागदासारखं फडफडलं, आणि घोडीने डोळा मागे फिरवून ते पांढरं बघितलं. हडळ म्हणतात ती हीच.

त्या दिवशी संध्याकाळी त्या साडी धुवायला बसल्या. पिळायला मी दुसरं टोक धरलं आणि बोलून गेले, "ताई, ती तुमच्या पदराला बुजती."

त्या साडी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मग इतक्या हसल्या की आत्याबाई बाहेर आल्या.

"मावशी, तुमच्या सुनेनं हडळ पकडली! मनगट माझं गेलं, नारळ तुमचा गेला आणि गुन्हेगार माझ्या अंगावर." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बुजरीचं दुखणं बुजरीलाच कळायचं, हौसा."

मला बुजरी सगळेच म्हणत. तो शब्द कोणी चांगल्या अर्थाने वापरलेला मी पहिल्यांदा ऐकला.

आत्याबाईंनी सोपा उपाय सांगितला. "माजं हिरवं लुगडं नेसा, काष्टा घाला. ना पदर उडंल ना घोडी." कुसुमताईंनी ऐकलं नाही. डोंगरातल्या बाया लांबून पांढरी साडी बघतात आणि नर्स आली म्हणून वाटेवर येऊन थांबतात, दुसऱ्या रंगात गेले तर त्यांना कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. साडी पांढरीच राहील आणि खळही राहील, घोडीलाच तिची सवय करायची. संक्रांत जवळ येत होती, पण त्या अडून बसल्या.

अंगणात दोरी बांधली आणि टोकाला त्यांची जुनी साडी वाळत घातली. मैनेचा कडबा दुसऱ्या टोकाला. पहिल्या दिवशी तिने कडब्याला तोंड लावलं नाही, डोळे फाडून साडीकडे बघत राहिली. हळूहळू खाऊ लागली. मग आम्ही साडी रोज थोडी अलीकडे सरकवू लागलो. आत्याबाई येता-जाता डोक्याला अडकणारी साडी बाजूला सारत म्हणायच्या, "माज्या अंगणात नाटकाचा तंबू ठोकलाय." कुसुमताईंनी खळीच्या पेजेत गूळ आणि मीठ घालायला सुरुवात केली. मैनेने एक दिवस साडीचा काठ हुंगला, दचकली, पुन्हा हुंगला आणि चाटला. मग चाटतच राहिली. पुढे साडी तिच्या मानेवर, पाठीवर, कानांवर टाकून हलवली तरी ती काठ शोधत तोंड फिरवायची.

संक्रांत दोन दिवसांवर असताना दुपारी वरच्या वाडीतून एक माणूस धावत आला. त्याची बायको कालपासून अडली होती. हे म्हणाले, "घोडीचं काय सांगता येत न्हाई, चालतच जावा." कुसुमताई म्हणाल्या, "चालत गेले तर ती राहायची नाही." खोगीर घातलं आणि वर बसल्या. मी पेटी घेऊन खिंडीपर्यंत निघाले. तो माणूस पुढे, आम्ही मागे. खिंडीत वारा नेहमीसारखाच होता. पदर सुटला आणि फडफडत घोडीच्या डोळ्यांवर जाऊन पडला. मैना जागच्या जागी थांबली, सगळं अंग थरथरलं. कुसुमताईंनी लगाम ओढला नाही, उलट सैल सोडला आणि पुटपुटल्यासारखं काहीतरी बोलत राहिल्या. मला वाटलं, आता जाते... मैनेने मान वळवली, पदराचं टोक तोंडात धरलं आणि चघळू लागली.

"खा गं बाई, खा," कुसुमताई म्हणाल्या. पेटी त्यांनी माझ्याकडून घेतली आणि टाच लावली. मी तिथेच उभी राहून बघत होते. पांढरी साडी वर वर जात लहान झाली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर त्या परतल्या. मुलगी झाली होती, आई आणि मूल दोन्ही ठीक. पदराला घोडीने मोठं भोक पाडलं होतं. आत्याबाईंनी ते बोटात धरून बघितलं. "घोडीचा चारा लई महाग पडनार तुमाला," एवढंच बोलल्या. बाजाराचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पुढचं वर्ष दुष्काळाचं. कडबा मिळेना, माणसं खडी फोडायला गेली. तरी मैना राहिली. कुसुमताई स्वतः उपाशी राहत होत्या की काय, मला शंका आहे, पण विचारलं नाही. पगारातून त्या आत्याबाईंचे पैसे थोडे थोडे देत होत्या. एखाद्या महिन्यात दिले नाहीत तर आत्याबाई काही बोलत नसत, फक्त त्या समोरून जाताना मोठ्याने खाकरत.

आमच्याकडे जनावर विकताना गळ्यातलं दावं देत नाहीत, ते घरच्या घरी ठेवतात. मैनेच्या गळ्यात दावं आमचं होतं, कारण पैसे आमचे होते. त्र्याहत्तरचा पाऊस चांगला झाला, त्यानंतर एका सकाळी कुसुमताईंनी शेवटचे पैसे आणून आत्याबाईंच्या हातावर ठेवले. आत्याबाईंनी दोनदा मोजले, कनवटीला लावले, उठल्या आणि मैनेच्या गळ्यातलं दावं सोडून खांद्यावर टाकलं.

"आता तुमचं दावं बांधा."

कुसुमताई गोंधळल्या. ही रीत त्यांना ठाऊक नव्हती, दुसरी दोरी त्यांनी आणलीच नव्हती. "मावशी, बाजारातून आणेपर्यंत राहू द्या की. मोकळी सुटली तर?"

"रीत म्हंजी रीत. फिटलं म्हंजी फिटलं."

कुसुमताई बाजारात गेल्या. जायला-यायला बराच वेळ लागला. मैना अंगणात बिनदोरीची उभी होती, समोर फाटक सताड उघडं. मी चुलीपासून तिच्याकडे बघत होते आणि आत्याबाई ओट्यावरून, आम्ही दोघीही उठलो नाही. ती कुठेही गेली नाही. कुसुमताई नवी दोरी घेऊन फाटकातून आत आल्या तेव्हा तिने नुसती मान वर केली. त्यांनी दोरी बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली आणि तिथेच तिच्या मानेला टेकून उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून घोडी त्यांची झाली. पैसे पूर्ण फिटले होते.