चढवलेला घोडा

पुंडलिकबाब नेहमी दोन्ही हात पाठीमागे बांधून चालायचे. आमच्या पेडण्याच्या लहानशा संग्रहालयात ते पहारेकरी म्हणून आले, तेव्हा मला वाटलं, स्वारी स्वतःला साहेब समजते. त्याआधी ते डिचोलीला खनिजाच्या ट्रकांचे मेकॅनिक होते. खाणी बंद पडल्या आणि इकडे आले.

त्यांचा जीव अडकला होता तिसऱ्या कपाटात. तिथे एका जुन्या बंदुकीची नुसती कळ होती. नळी नाही, दस्ता नाही. चकमक आपटून ठिणगी पाडणारा घोडा आणि पट्टीवर चांदीच्या तारेची नाजूक वेलबुट्टी. शाळेची मुलं पाटी वाचून खरा घोडा शोधत बसायची. ऐटबाज दिसतो म्हणून कुणा साहेबाने तो मागे ओढून चढवून ठेवला होता, आणि कुणी हात लावायचा नाही असा लेखी हुकूम होता.

रोज सकाळी बसमधून उतरले की पुंडलिकबाब आधी कपाटाशी, मग माझ्या टेबलाशी.

"मॅडम, घोडो अजून चढवलेलोच आसा. ताणून ठेवलेली स्प्रिंग मरता. आज ना फाल्यां मोडतली."

"इतकी वर्षं टिकली ना?"

"साहेबान चढवच्या आदी उतरवून ठेवलेली, म्हणान टिकली!"

पुढे पुढे तो घोर मलाही लागला. कपाटाजवळून जाताना मी श्वास रोखू लागले. वरच्या कचेरीला पत्रांवर पत्रं लिहिली. तीन वर्षांनी परवानगी आली. मी हातमोजे त्यांच्यापुढे धरले, तर ते मागे सरले.

"तुमी उतरवा, मॅडम."

"एवढं माझं डोकं खाल्लंत, आणि आता मी?"

तेव्हा त्यांनी हात पुढे आणले. दोन्ही थरथरत होते.

"कोणाक सांगू नकात."

नोकरीची भीती, दुसरं काय? मी कळ उचलली. ते कानाशी बोलत राहिले, "आंगठो घट्ट ठेवा. आता मागली बारीक दांडी दाबा. हळू येऊ देयात... सोडू नकात, सोडू नकात!" स्प्रिंगचा सगळा जोर माझ्या अंगठ्यावर आला. घोडा खाली बसला, आवाजसुद्धा न करता.

सोमवारी त्यांनी राजीनामा आणला. मी म्हटलं, "अहो, मी कुणाला सांगितलेलं नाही."

"ठाऊक आसा. घोडो उतरल्याबगर मी घराक जावचो नाय, म्हणान हात लपयलेले."

मी दारापर्यंत गेले. बसकडे जाताना त्यांचे दोन्ही हात बाजूला मोकळे हलत होते.