प्लास्टिकचा संगमरवर

नव्वदच्या दशकात आमच्या सणसरच्या घरात संगमरवर आला. प्लास्टिकचा. वडील साखर कारखान्यात कारकून होते. कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये बाहेरून आलेल्या साहेबांच्या पायांखाली त्यांनी व्हिनायलच्या चौकोनी फरश्या पाहिल्या, आणि त्या दिवसापासून आमचा चांगला घोटीव कोबा त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागला.

हा कोबा म्हणजे आईचं राज्य. आळीतली सगळ्यात गार आणि ऐसपैस जमीन आमची, त्यामुळं दुपारची भांडी आवरली की बायका आमच्याकडं जमत. कुणी तांदूळ निवडी, कुणी गोधडीला टाके घाली, आणि गावाचं वाटोळं नेमकं कुणामुळं होतंय याचा निकाल चहापर्यंत लागून जाई. आईचं माहेर लांब. वडील घरी बोलत ते फक्त साहेबांविषयी. तिचा दिवस खऱ्या अर्थानं दुपारीच उजाडायचा.

फरशी पसंत करायला आम्ही बारामतीला गेलो. आईनं मातकट रंगाची उचलली.

"हिच्यावर मळ दिसायचा न्हाय," ती म्हणाली.

"मळ दिसला न्हाय तर फरशी तरी कुणाला दिसणार?" वडील म्हणाले, आणि पांढरी, करड्या रेघांची घेतली. आईचं मत विचारलं होतं, एवढ्यावर तिनं समाधान मानायचं होतं.

दुकानदारानं बजावलं, खालून ओल नको आणि वरून पाणी नको. कालव्याच्या गावात ओल नको! आमच्याकडं उसाला पाणी सोडलं की भिंतींना घाम फुटतो. "कोरडं ठणठणीत हाय घर," वडलांनी ठोकून दिलं. मिस्त्रीनं सोल्यूशन फासून फरश्या चिकटवल्या आणि घरात कायद्याचं राज्य आलं. गरम तवा खाली ठेवायचा नाही. खाट ओढायची नाही. पाटा मागच्या अंगणात. घर आमच्याच नावावर होतं, पण राहायला परवानगी फरशीची लागायची.

दुसऱ्या दिवशी बायका नेहमीसारख्या आल्या. वडलांनी फरशीच्या बंदोबस्तासाठी खास रजा काढली होती. शेजारच्या काकू उंबऱ्यातून पाऊल आत टाकणार, एवढ्यात ते म्हणाले, "वैनी, पाय पुसून या बरं का."

म्हणाले हसतच. पण बायका काय समजायचं ते समजल्या. पायपुसण्याच्या पोत्यावर उभ्या उभ्या त्यांनी फरशीचं तोंडभर कौतुक केलं आणि काम निघाल्याचं सांगून गेल्या. त्या आठवड्यापासून बैठक काकूंच्या सारवलेल्या पडवीत भरायला लागली. आई दोनदा जाऊन आली, मग जाईना. "आपल्या दारात कुणी येत न्हाय, आन् आपुन लोकांच्यात जाऊन बसायचं व्हय?" म्हणाली. मग रोज दुपारी ती एकटीच तांदूळ निवडत बसे, तेही खाली चादर अंथरून, फरशीला ओरखडा नको म्हणून. पलीकडून बायकांचं हसणं ऐकू आलं की तिचा हात थांबायचा. मला त्या फरशीचा असा संताप यायचा, की एखादी तरी खिळ्यानं उचकटून उकिरड्यावर भिरकावावी.

ते काम आईनं केलं. घट बसायच्या आधी तिनं घर धुतलं, दरवर्षी धुवायची तसंच, बादल्या ओतून, खराट्यानं घासून. सवयीनं की मुद्दाम, मी कधी विचारलं नाही. दोन दिवसांत तळणीतल्या पापडासारखे फरश्यांचे कोपरे वर आले.

वडलांनी दुरुस्ती हाती घेतली. कोपऱ्यावर वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवली की फरशी मऊ होऊन बसते, असं त्यांना कारखान्यात कुणीतरी सांगितलं होतं. फरशी बसली नाही. तिच्यावर बातमी मात्र उमटली, उलट्या अक्षरांत. शेवटी मिस्त्री आला. त्यानं फरश्या सोडवल्या, दोन दिवस जमीन वाळू दिली, नवं सोल्यूशन लावलं आणि सांगितलं, "आता संध्याकाळपर्यंत वजन पायजे. समद्या खोलीवर."

ज्वारीची पोती आली, पाटा आला, ट्रंका आल्या. तरी निम्मी खोली उघडीच. वडील डोक्याला हात लावून उभे राहिले.

"बायका बसत्याल की," आई म्हणाली.

"मग बोलाव."

"मी न्हाय बोलवायची. तुमी बोलवा."

वडलांनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. मी मागोमाग गेले. असला तमाशा कोण सोडतंय? काकूंच्या पडवीपाशी जाऊन ते म्हणाले, "वैनी, जरा समद्या जणी येता का आमच्याकडं? बसायला."

काकूंनी हातातलं सूपसुद्धा खाली ठेवलं नाही. "पाय पुसून येऊ का तसंच?"

"तसंच या," वडील म्हणाले.

आल्या. मिश्रीच्या डब्या, लसूण, सुपं, शिवायच्या गोधड्या, सगळं लटांबर घेऊन आल्या. वडलांनी वजनाचा अंदाज घेत, पण तो शब्द तोंडातून निघू न देता, प्रत्येकीला मोठ्या आदरानं जागा दिली. भरभक्कम अंगाच्या काकूंना सगळ्यात वाईट कोपऱ्याचा मान मिळाला. आईलाही उठायची बंदी असल्यामुळं चहा वडलांनीच केला. तो इतका पांचट होता की दुपारभर त्याच्यावरच चर्चा झाली. लसणाच्या साली संगमरवरावर उडत होत्या आणि आई तोंडाला पदर लावून हसत होती. तिला तसं हसताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

दिवस कलल्यावर काकू गुडघ्यावर हात टेकत उठल्या. "बगा वं भावजी, चिकटली का तुमची फरशी?"

वडील खाली वाकले. कोपऱ्याच्या फटीत त्यांनी नख घालून पाहिलं. नख जात नव्हतं. मी शेजारीच होते, मला स्पष्ट दिसलं. त्यांनी एकदा आईकडं पाहिलं. ती अजून बसूनच होती, हातातला लसूण उगीचच हळू हळू सोलत.

"न्हाय," वडील म्हणाले. "कच्ची हाय आजून. उद्याबी यावं लागंल तुमास्नी."