सारिका हाय का?

आज सारिकाला जाऊन वर्ष झालं. मी तेव्हा रडले नव्हते. आज उगाच खोटं कशाला लिहू?

सकाळी फोननं स्वतःहून तिचा फोटो वर काढला. बेदाण्याच्या शेडमध्ये क्रेट पालथं घालून बसलीये, एका कानात इअरफोन, तोंडात बेदाणे.

म्हणून लिहायला बसले.

तिला न ओळखणाऱ्यांसाठी सांगते. आम्ही दोघी सांगलीत एम.कॉम.ला होतो. ती तासगावकडची, घरची द्राक्षबाग. मी माधवनगरची.

आमचा एक पेपर पूर्ण ऑनलाइन होता. पुण्याच्या एक मॅडम अ‍ॅपवर लाइव्ह शिकवायच्या.

आम्ही कसे शिकायचो ते आता सांगायला हरकत नाही. फोन चार्जिंगला, लेक्चर म्यूटवर आणि आपण अंघोळीला. परीक्षा तोंडावर आली की तेच रेकॉर्डिंग डबल स्पीडनं. क्विझचे स्क्रीनशॉट ग्रुपवर.

सारिका मात्र खरंच ऐकायची. बेदाणे निवडता निवडता ऐकायची, कळलं नाही तर मागे नेऊन परत ऐकायची. आणि मग ग्रुपवर तिची व्हॉइस नोट यायची.

"ऐका गं समद्या. घसारा म्हंजे काय? औषध मारायचा ब्लोअर नवा आणला तवा लय कौतिक. हार काय, नारळ काय. आता त्योच ब्लोअर म्हाताऱ्यागत खोकतोय. ह्यो जो खोकला हाय न्हवं, त्यो घसारा!"

मागून ट्रॅक्टरचा आवाज. मध्येच आईवर ओरडणं, "आले गं, शिकवतीया न्हवं हितं!"

अर्धा वर्ग त्या व्हॉइस नोटवर पास झाला. त्या अर्ध्यात मीही.

तर हजेरीची गोष्ट.

तास सुरू होताना मॅडम एकेक नाव घ्यायच्या आणि आपण चॅटमध्ये उत्तर टाकायचं. आम्ही सगळे टाकायचो, ‘प्रेझेंट’.

सारिका टाकायची, ‘हाय’.

मॅडम गोड आवाजात म्हणायच्या, "हाय सारिका!" आणि पुढचं नाव.

मला वाटायचं, या दोघींचं छान जमलंय.

परीक्षेच्या आधी पोर्टलवर हजेरी लागली. अंघोळी करणारे आम्ही सगळे हजर. सारिका एकाही तासाला नाही. म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही.

तिचा फोन आला. "आगं, मी तर दर टायमाला हाय म्हनत हुते!"

"अगं पण प्रेझेंट लिहायचं ना."

"का? त्यो इंग्लिश कीबोर्ड कोण काढत बसतंय? हाय तर हाय. आनि काय लिवू?"

मी हसले. ती नाही हसली.

"घरात आदीच चाललंय, पुरं झालं शिक्षान म्हनून. ह्ये साल गेलं की संपलं गं माझं."

आणि ती रडायला लागली. ग्रुपवर सगळ्यांना हसवणाऱ्या मुलीचं ते रडणं मला ऐकवेना.

पुढच्या तासाला मी चॅटमध्ये लिहिलं, "मॅडम, आमच्याकडं हाय म्हणजे आहे. सारिका तुम्हाला नमस्कार करत नव्हती. हजेरी देत होती."

मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं. मग जे हसायला लागल्या, थांबेचनात.

"म्हणजे ही मुलगी मला सांगतेय मी आहे, मी आहे, आणि मी तिला हॅलो करतेय?"

जुनी चॅट सगळी सेव्ह होती. मॅडमनी ती बघून हजेरी दुरुस्त केली. सारिका परीक्षेला बसली. माझ्यापेक्षा जास्त मार्क पाडले, ते मी अजून विसरलेले नाही.

राहिलेल्या तासांना मॅडम मुद्दाम विचारायच्या. पुणेरी तोंडात तो शब्द फार जपून यायचा.

"सारिका हाय का?"

"हाय मॅडम."

मग सुट्टीत तिला ताप आला. आधी गावात सलाइन लावलं, मग सांगलीच्या दवाखान्यात आणलं. मी भेटायला गेले तर म्हणाली, "नव्या सेमचं व्हिडिओ आलं का गं? डाउनलोड करून ठीव माझ्यासाठी."

मी ठेवले.

ती घरी परतलीच नाही. व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहेत. फोन रोज सांगतो जागा संपली, काहीतरी डिलीट करा. बाकीचं करते.

नव्या सेमचा पहिला तास. मॅडम त्याच, यादी जुनीच. मॅडमना कुणी कळवलंच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं कळवलं असेल.

नावं सुरू झाली. प्रेझेंट, प्रेझेंट, प्रेझेंट.

मग मॅडमचा आवाज एकदम खुलला. "आणि आमची सारिका हाय का?"

चॅट थांबली.

मी कीबोर्ड मराठी केला आणि लिहिलं, ‘न्हाई’.

मॅडमना गंमत वाटली. "का गं? नेट गेलं का तिचं?"

तेव्हा मी माइक चालू केला. पूर्ण कोर्समध्ये पहिल्यांदाच. आमच्या घरात आहे-नाही असंच बोलतात, सारिका त्यावरून मला चिडवायची. पण त्या दिवशी तोंडातून आलं ते तिचंच.

"न्हाई मॅडम. सारिका न्हाई आता."

मॅडमनी पुढची नावं घेतलीच नाहीत. तासही झाला नाही.

सारिका, आमच्यात खरी हजर तूच होतीस. तुझी फार आठवण येते गं. जा, सुखानं राहा.

आणि मंडळी, खाली आरआयपी लिहू नका. इंग्लिश कीबोर्डचा तिला कंटाळा होता.