मंगळाला मागून रेटा

मंगळावर पहिलं यान गेलं ते लोणावळ्याच्या रेल्वे चाळीतून, आणि ते नेलं आमच्या शेजारच्या आबांनी, हे मी आजही पैजेवर सांगेन. आबा घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटणाऱ्या इंजिनावर ड्रायव्हर होते. गाडी लोणावळ्याला आली की इंजिन सुटायचं. गाडी पुण्याला, आबा परत कर्जतला. जन्मभर लोकांना पोचवलं, पण स्वतः पुण्याच्या वाटेवरच्या घोरावाडी स्टेशनच्या पुढे क्वचितच गेले. साहजिकच त्यांच्या यानालाही मागून इंजिन होतं. "चढ हाय म्हटल्यावर रेटाया नको व्हय?" असं ते विचारत आणि वाद तिथेच मिटे.

ही कथा त्यांनी रचली माझ्या धाकट्या बहिणीसाठी. साठ-एकसष्टच्या सुमारास बेबीच्या खुब्याच्या हाडाला क्षय झाला आणि डॉक्टरांनी तिला छातीपासून पायापर्यंत प्लास्टरमध्ये घातलं. वर्षभर हलायचं नाही. नऊ वर्षांची पोर, जेवण सोडून भिंतीकडे बघत पडायची. आबा ड्यूटीवरून आले की तिच्या उशाशी बसत, यान सुटे, आणि घास पोटात जाई. यान तेच, माणसं तीच. पण सोमवारी त्यात खून व्हायचा, मंगळवारी भूत शिरायचं, बुधवारी शनीच्या कड्यावर परंदवडीच्या पाटलाच्या लेकीचं लग्न लागायचं आणि वरमाय रुसायची. "रोज पिठलं वाढलं तर पाव्हना पळंल न्हाई का?" असं आबांचं म्हणणं.

एका संध्याकाळी मात्र यान मंगळावर टेकलं. आबा सवयीने म्हणाले, "पोचली गाडी. आपलं इंजिन सुटलं," आणि उठून गेले. बेबीने ताट सारलं. दोन दिवस तिने काही खाल्लं नाही. आईचं तोंड पाहवत नव्हतं, आणि मला आबांचा मनस्वी राग आला होता.

तिसऱ्या दिवशी आबा इस्त्रीचा युनिफॉर्म घालून आले. "बेबे, लय घोटाळा झालाय. मंगळाचं तिकीट कुनीच काढलं न्हवतं. समद्यांवर वडगावच्या कोर्टात खटला हाय. वकील म्हून तू उभी ऱ्हा."

"मी उभी कशी राहणार?"

"मग पडून लढ. जज्जाला म्या सांगतो."

बेबी हसली. म्हणाली, "आधी खायला द्या, मग बोलते." आई स्वयंपाकघरात गेली आणि पदर तोंडाला लावून रडली. माझा तर जीव भांड्यात पडला.

खटला प्लास्टर कापेपर्यंत चालला. नंतर बेबी पहिल्यांदा ओसरीवर चालली, तेव्हा आबा तिच्या मागोमाग, अंगाला न लावता दोन्ही हात पसरून चालत होते. दारापाशी ते थांबले. ती एकटी पुढे गेली. त्या दिवशी मात्र आबा "इंजिन सुटलं" असं म्हणाले नाहीत.