इतिहासाच्या बायकोचा अंगठा

नदीकाठच्या त्या गावात, कुंभारांच्या गल्लीत, सगळ्यांना हात होते. एकट्या ‘इतिहासा’ला तोंड होतं. इतिहास हे त्याचं टोपणनाव. गाव बघायला येणाऱ्या पाहुण्यांना गल्लीतून फिरवत तो माहिती सांगायचा, म्हणून पडलेलं. “इतिहास जेवला का?”, “इतिहासाला खोकला झालाय,” असं गल्ली अगदी गंभीरपणे बोलायची.

लहानपणी बापाने त्याला चाकावर बसवून पाहिलं होतं. माती एवढी गरीब, पण त्याच्या हाती लागली की रुसायची. मडकं करायला घेतलं की परात व्हायची आणि परात करायला घेतली की चिखल. शेवटी बापाने हात टेकले आणि पोराने जीभ चालवायला घेतली. नशीब असं, की पुढे गावात पाहुणे यायला लागले आणि थापा मारणं हा मानाचा धंदा झाला. घरातलं चाक बायकोकडे आलं. ती बसली की माती निमूटपणे वर चढायची.

लग्नानंतर काही वर्षांनी भट्टीचं लोखंडी दार तिच्या उजव्या अंगठ्यावर पडलं. हाड जुळलं, पण वाकडं. तेव्हापासून तिच्या प्रत्येक मडक्याच्या गळ्याशी एक तिरका खळगा उमटायला लागला. तो पुसायला जावं तर शेजारी दुसरा उमटायचा. मग तिने नाद सोडला.

एकदा एका पाहुण्याने मडकं फिरवत विचारलं, “हे काय आहे?” आता ‘बायकोचा अंगठा चेंगरलाय’ असं सरळ सांगून टाकलं असतं तर तो इतिहास कसला! म्हणाला, “ही आमची सातशे वर्षांची खूण. पूर्वज नदीकडे तोंड करून उमटवायचे.” पाहुण्याने भारावून मान डोलावली. पुढे येणाऱ्या प्रत्येकाला ती खूण हवीच झाली आणि गल्लीने री ओढली. ज्यांचे अंगठे धडधाकट होते ते बिचारे बोटं वाकडी करून खळगे पाडू लागले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तर सुताराकडून चक्क लाकडी अंगठा करून घेतला. त्याचे खळगे कसे, सगळे एकसारखे आणि सुबक! गावभर अंगठाछाप मडकी झाली आणि चांगले शिकलेसवरलेले लोक ती कौतुकाने घरी नेऊ लागले.

बायकोला थापेचं फारसं काही वाटलं नव्हतं. थापाड्याशी संसार करणाऱ्या बाईला तेवढी सवय असतेच. पण त्या गोष्टीत पूर्वज होते, नदी होती, सातशे वर्षं होती. ती कुठेच नव्हती. याचं मात्र तिला फार वाईट वाटायचं.

“अहो, माझं बोट चेंगरलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?” ती मधूनच विचारायची. “सातशे वर्षं मागे गेला होतात का?”

तो हसून वेळ मारून न्यायचा.

मग गावात संग्रहालय निघालं. गल्लीतलं एक मडकं काचेत ठेवायचं ठरलं आणि ते निवडायला संग्रहालयाच्या बाई येणार होत्या. त्या सकाळी माती मळता मळता, मान वर न करता, बायको म्हणाली, “आज खरं सांगा. पाहुण्यांना काय हवं ते सांगत बसा, माझं काही म्हणणं नाही. पण काचेतलं मडकं माझ्या मागे राहणार. ते कुणाच्या हातचं, हे एकदा तुमच्या तोंडून निघू दे.”

“आणि गल्लीच्या पोटावर पाय आला तर?”

“गल्लीला लाकडी अंगठा आहे. मला हा एकच.”

इतिहासाची पाचावर धारण बसली. खोटं बोलताना त्याची जीभ कधी अडखळली नव्हती. खरं बोलायचं म्हटल्यावर त्याला दोनदा पाणी प्यावं लागलं.

बाई आल्या. गल्ली फिरून त्यांनी शेवटी दोन मडकी इतिहासाच्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली. एक कोपऱ्यावरच्या दुकानातलं, एक त्याच्या बायकोचं. दुकानदार चेहऱ्यावर पूर्वजांची नम्रता आणून हात जोडून उभा होता. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“हे अस्सल,” लाकडी अंगठ्याच्या खुणेवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या. “आणि ही दुसरी नक्कल दिसतेय. खूण वाकडी पडलीय. जमलेली नाही बिचाऱ्याला.”

आत चालू असलेलं चाक थांबलं. तो आवाज थांबल्याचं इतिहासालाच तेवढं ऐकू आलं.

“नक्कल ती आहे, बाई,” तो बोलून गेला. “ही खूण माझ्या बायकोच्या अंगठ्याची. भट्टीचं दार पडलं होतं तिच्या बोटावर. सातशे वर्षं, पूर्वज, नदी, सगळं मी रचलंय.”

गल्ली गार पडली. दुकानदार पांढराफटक झाला. बाई मात्र खळखळून हसल्या.

“किती छान रंगवता हो तुम्ही! क्षणभर मला खरंच वाटलं.”

“अहो बाई, खरंच आहे!”

“हेच, हेच! हा आव असाच ठेवा,” असं म्हणत बाईंनी लाकडी अंगठ्याचं मडकं कापसात गुंडाळायला सांगितलं. जन्मभर त्याच्या थापांवर लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला होता. एकदाच खरं बोलला, ते हसण्यावारी गेलं.

तोवर बायको दारात आली होती. चिखलाने भरलेला हात वर करून तिने बाईंना अंगठा दाखवला. त्यात पुरावा किती आणि राग किती, ते तिचं तिलाच ठाऊक. बाईंना त्यात उद्धटपणाच दिसला. त्या तोंड फिरवून निघून गेल्या आणि दुकानदार मडकं सांभाळत त्यांच्यामागून.

गल्ली पांगली. इतिहास ओट्यावर नाकारलेलं मडकं मांडीवर घेऊन बसला. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

“काचेत दुसऱ्याचंच गेलं गं,” तो म्हणाला.

“जाऊ दे.” ती शेजारी येऊन बसली. डोळे भरून आले होते, पण ती हसत होती. “बोललात एकदाचे. सातशे वर्षं लागली.”